‘मी तर कधी आवाजही चढवत नाही, मग माझी भीती कशी?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आणि ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. वय अडतीस. बरीच वर्षं बेंचवर, म्हणजे स्वतः तपासण्या करण्याचं काम केल्यावर सात महिन्यांपूर्वी त्या सेक्शन हेड झाल्या. हाताखाली अकरा अ‍ॅनालिस्ट आहेत. स्वभाव अबोल. आधीचे साहेब मोठ्या आवाजाचे, सगळ्यांत मिसळणारे आणि तितकेच तापट. सुरुवातीची काही वर्षं ताईंनाही त्यांची भीती वाटायची.

प्रमोशननंतर कंपनीने एक ट्रेनिंग घेतलं. त्यातल्या स्वभाव-चाचणीत ताई ‘अंतर्मुख’ निघाल्या आणि ‘लीडरशिप प्रेझेन्स कमी पडतो’ असा शेरा एचआरने दिला. पुढे महिन्याभरात एका तरुण अ‍ॅनालिस्टची डायल्यूशनमध्ये, म्हणजे द्रावण ठरलेल्या प्रमाणात पातळ करताना चूक झाली. ती त्याला त्याच दुपारी कळली होती, पण सांगितली दोन दिवसांनी, तीही दुसऱ्याच एका सीनियरला. ‘मला का नाही सांगितलंस?’ असं ताईंनी विचारल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचा चेहरा बघून हिंमत झाली नाही.’

ताई लिहितात, ‘मी आजवर कुणावर आवाज चढवलेला नाही. मुलांच्या रिपोर्टचे आणि एसओपीचे (कामाच्या ठरलेल्या पद्धतींचे) मसुदे मी रात्री घरी बसून नीट करते, कुणाला एक शब्द बोलत नाही. तरी मी भीतीदायक? मिस्टर म्हणतात, झेपत नसेल तर परत जुन्या कामावर जा. सासूबाई म्हणतात, स्वभावाला औषध नाही. लीडरशिप कोचिंगला नाव द्यायचं की टेक्निकल कामाकडे परतायचं, हे एचआरला महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. मी स्वभाव बदलू की पद सोडू?’

नमस्कार ताई,

तुमच्या पत्राचा मोठा भाग त्या चाचणीने व्यापला आहे. त्या मुलाचं वाक्य शेवटी, दोन-चार ओळींत येतं. मला मात्र सगळं पत्र त्या वाक्याभोवतीच फिरताना दिसलं. तरी चाचणीने तुमची झोप उडवली आहे, म्हणून आधी ती बाजूला करू.

तुम्ही अहवालातली जी चार अक्षरं लिहिली आहेत त्यावरून ही सोळा प्रकारांची, मायर्स-ब्रिग्ज पद्धतीची चाचणी दिसते. तिचं मूळ कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या विचारांत आहे, आणि ती बेतली अमेरिकेतल्या दोन मायलेकींनी, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी. ही चाचणी माणसांचे सरळ दोन गट पाडते: अंतर्मुख इकडे, बहिर्मुख तिकडे. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. जो मधल्या रेषेच्या जरा अलीकडे आहे तो काही आठवड्यांनी तीच चाचणी देतो आणि रेषेच्या पलीकडे निघतो. असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. ज्यांच्याकडे या चाचणीचे हक्क आहेत तेच सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नये. ज्या उपकरणाचं रीडिंग दोन वेळा दोन प्रकारचं येतं त्याच्या भरवशावर तुम्ही बॅच रिलीज कराल का? मग स्वतःला का नाकारताय?

तरीही एचआरचं म्हणणं सगळंच चुकीचं आहे असं सांगून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. संशोधक हल्ली स्वभाव पाच गुणांच्या मापाने बघतात: बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, नव्या गोष्टींबद्दलचा मोकळेपणा, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्वस्थता. टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली 73 नमुन्यांमधले आकडे एकत्र करून या गुणांचा नेतृत्वाशी संबंध तपासला. सगळ्यांत वर आली बहिर्मुखता, 0.31. तिच्या लगेच खाली कर्तव्यदक्षता, 0.28. कोरिलेशनचे आकडे तुम्ही रोज बघता; इतर वाचकांसाठी एवढंच, की 0 म्हणजे काहीच संबंध नाही आणि 1 म्हणजे पूर्ण संबंध. माणसांच्या अभ्यासात 0.31 हा आकडा सोडून देण्यासारखा नसतो, पण त्यावरून एका माणसाचं भविष्यही सांगता येत नाही. आणि ज्या गुणात तुम्ही उजव्या आहात तो जवळजवळ त्याच उंचीवर आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बहिर्मुखतेचा संबंध नेता म्हणून लोकांच्या नजरेत भरण्याशी जास्त होता, ते काम चांगलं करण्याशी त्याहून कमी. मोठ्या आवाजाचा माणूस चटकन साहेब वाटतो. तो चांगला साहेब आहे का, हे त्या आवाजावरून कळत नाही.

आता त्या मुलाकडे वळू.

तुम्ही लिहिता, ‘मी आजवर कुणावर आवाज चढवलेला नाही.’ हे खरंच असणार. पण तो तुमच्या आवाजाबद्दल बोललाच नाही. तो बोलला तुमच्या चेहऱ्याबद्दल. तुम्ही स्वतःला आतून ओळखता. मी रागावलेली नाही, मी विचार करतेय, मला कुणाला दुखवायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला फक्त बाहेरचं दिसतं: मिटलेले ओठ, स्क्रीनवर खिळलेली नजर आणि ‘ठीक आहे, ठेव तिथे’ एवढंच उत्तर. मधली रिकामी जागा तो स्वतःच्या भीतीने भरतो.

टाशा युरिक या मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत याच विषयावर काम करतात. त्या म्हणतात की स्वतःची जाण दोन प्रकारची असते. एक, आपल्याला काय वाटतं, काय हवं असतं, हे ओळखण्याची. दुसरी, आपण इतरांना कसे दिसतो हे ओळखण्याची. त्यांच्या अभ्यासात या दोन जाणिवांचा एकमेकींशी जवळजवळ संबंधच आढळला नाही. पहिली भरपूर असलेल्या माणसाकडे दुसरी असेलच असं नाही. तुमचं पत्र वाचताना मला हेच जाणवत राहिलं. स्वतःच्या मनाबद्दल इतकं बारकाईने आणि प्रामाणिकपणे फार कमी लोक लिहितात. पण अकरा माणसांपैकी एकाला तरी तुम्ही कशा दिसता, याची पहिली बातमी तुम्हाला सात महिन्यांनी मिळाली, तीही एक चूक झाली म्हणून.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहम यांनी 1955 साली एक चौकट मांडली. दोघांच्या नावांवरून तिला जोहारी खिडकी म्हणतात. तिच्या चार कप्प्यांपैकी एक कप्पा आपल्याला दिसत नाही, पण इतरांना लख्ख दिसतो. कितीही आत्मपरीक्षण केलं तरी तो आतून उघडत नाही, बाहेरच्या कुणीतरी उघडावा लागतो. त्या मुलाने तो उघडला. ज्याची चूक नुकतीच पकडली गेली आहे अशा कनिष्ठाने साहेबांच्या तोंडावर हे बोलणं सोपं नव्हतं. तुम्हाला ते वाक्य लागलं, पण माझ्या मते गेल्या सात महिन्यांत तुमच्याबद्दल तुम्हाला मिळालेली सगळ्यांत कामाची माहिती तीच आहे.

‘मी तर पूर्वीसारखीच आहे,’ असंही तुम्ही एके ठिकाणी लिहिलं आहे. इथे जरा थांबा. बेंचवर होतात तेव्हा तुमचं गप्प असणं कुणाला खुपत नव्हतं, उलट ‘शांतपणे काम करते’ म्हणून कौतुकच व्हायचं. आता तुमच्या सहीने कुणाचं अप्रेझल ठरतं, कुणाची रजा मंजूर होते. ज्याच्या हातात आपलं काहीतरी आहे त्याचा चेहरा माणूस सारखा वाचत असतो. तुम्हीही आधीच्या साहेबांचा वाचत होतात. आठवून बघा, त्या वर्षांत कुठल्या गोष्टी त्यांना सांगायच्या टाळल्यात? सकाळी ते कुठल्या मूडमध्ये आत आले हे बघून कुठली फाईल संध्याकाळपर्यंत मागे ठेवलीत? त्यांचा आवाज आणि तुमचं मौन यांत फार अंतर आहे, पण हाताखालचा माणूस दोन्हींपुढे एकाच प्रकारे गप्प होतो. म्हणून त्यांची नक्कल करायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. भीती तीच राहील, फक्त आवाज वाढेल.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक. त्यांनी रुग्णालयांमधल्या औषध देण्यातल्या चुकांवर केलेला अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा अंदाज होता की जिथे टीम चांगली तिथे चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा होत गेला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलल्या जास्त जात होत्या. प्रमुखाला सांगायची भीती नव्हती.

तुमच्या लॅबमध्ये तर ही गोष्ट जिवावरची आहे. रिझल्ट मर्यादेबाहेर गेला की पहिला प्रश्न असतो, चूक लॅबमध्ये झाली की बॅचच तशी आहे? तो सोडवायला तीच सोल्यूशन, तोच फ्लास्क, तोच पिपेट हाताशी असावा लागतो. अ‍ॅनालिस्टने त्याच दुपारी सांगितलं तर फ्लास्क बेंचवर असतो. दोन दिवसांनी तो धुऊन कपाटात गेलेला असतो आणि मागे राहतो तो फक्त त्याचा शब्द. आपली चूक झाली हे कळल्यावर तिथेच थांबून नोंद करायची, तशीच पुढे टेस्ट करत राहायचं नाही, हे त्याला नियम म्हणून पाठच आहे. नियम माहीत असूनही तो थांबला नाही, कारण थांबलं की तुमच्या टेबलापर्यंत यावं लागतं. म्हणून तुमच्या कामात स्वतःची जाण हा स्वभाव सुधारण्याचा छंद नाही. ज्यांना तुम्ही कधी पाहणार नाही अशा रुग्णांपर्यंत तिचा परिणाम पोचतो.

रात्री मसुदे दुरुस्त करण्याबद्दल मला सगळ्यांत कळकळीने बोलायचं आहे, कारण तुम्ही ते स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून सांगितलं आहे. तुमच्या मनात ती माया आहे: पोरांना बोलायला नको, आपणच करून टाकू. त्यांच्या बाजूने बघा. संध्याकाळी दिलेला मसुदा सकाळी अर्धा बदललेला दिसतो. कुठे चुकलं ते कुणी सांगत नाही. पहिल्या वेळी वाटतं, मॅडम किती करतात. काही महिन्यांनी वाटू लागतं, मॅडमना आपलं काहीच पसंत पडत नाही. त्यानंतर वाटतं, नाहीतरी बदलणारच आहेत, मग कशाला जीव तोडून लिहा? आणि ज्या बाईला स्वल्पविरामसुद्धा जागचा हललेला खपत नाही तिला डायल्यूशन चुकलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तुमची कर्तव्यदक्षता तुम्हाला इथवर घेऊन आली. त्याच गुणामुळे आता मुलं शिकायची थांबली आहेत आणि तुमची झोप गेली आहे. हे मसुदे परत द्यायला लागा. कडेला फक्त खुणा करा, दुरुस्ती त्यांनाच करू द्या. सुरुवातीला काम रेंगाळेल, रिपोर्ट तुम्ही लिहिला असता तितका नेटका होणार नाही. जिथे रुग्णाला धोका नाही, ऑडिटमध्ये अडचण नाही, तिथे तेवढं कमी नेटकेपण सोसा.

एका बाबतीत मात्र सगळा भार स्वतःवर घेऊ नका. कमी बोलणाऱ्या पुरुषाला लोक गंभीर म्हणतात, कमी बोलणाऱ्या बाईला शिष्ट म्हणतात. ‘प्रेझेन्स’च्या शेऱ्यात याचा वाटा किती, हे तुम्ही तपासू शकता. एचआरला विचारा, असे दोन प्रसंग सांगा जिथे माझ्या वागण्यामुळे काम अडलं. त्यांनी ते सांगितले तर लिहून घ्या, उपयोगी पडतील. सांगता आले नाहीत तर तो शेरा मनाला लावून घ्यायचं कारण नाही. त्या मुलाने सांगितला तसा प्रसंग, वागणं आणि परिणाम दिसत असेल तर ती टीका कितीही टोचली तरी ठेवून घ्यायची.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. स्वभावाला औषध नाही, हे आपण सगळेच घरोघरी ऐकतो. वयानुसार माणसाचा स्वभावही थोडा थोडा बदलतो, पण ते असो. तुम्हाला स्वभाव बदलायची गरजच नाही. बदलायच्या आहेत त्या चार-दोन वागणुकी, आणि त्या अबोल माणसालाही जमतात.

पहिली म्हणजे गप्प बसण्याआधी दोन शब्द बोला. ‘मी विचार करतेय, रागावलेली नाही. चार वाजता सांगते.’ एवढंच. आणि चार वाजता खरंच सांगा. अबोल साहेबाबरोबर काम करता येतं, पण त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत बसावं लागलं की माणूस दमतो.

दुसरी, चूक सांगायला कुणी आलं की तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य आजच ठरवून ठेवा. त्या क्षणी सुचणार नाही. ‘बरं झालं लगेच सांगितलंस. फ्लास्क आहे ना अजून?’ असं काहीही चालेल. मग नेमकं काय झालं ते विचारा. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न मागे ठेवा. त्याने माणूस बचाव करू लागतो आणि घटना तिथेच राहते. हाच नियम स्वतःलाही लावा. ‘मी अशी का आहे?’ या प्रश्नाने तुमच्या किती रात्री खाल्ल्या ते तुम्हीच लिहिलं आहे. त्याऐवजी रबाळेहून ठाण्याला जाताना, ऐरोली आणि दिघा गाव मागे पडेपर्यंत मोबाइलवर दोन ओळी लिहा: आज कोण माझ्यापाशी येऊन काही न बोलता परत गेलं, त्या वेळी मी काय करत होते, उद्या काय वेगळं करेन. गाडीत उभं राहायला जेमतेम जागा असेल तर घरी पोचल्यावर लिहा, पण जेवणाआधी.

तिसरी गोष्ट विचारण्याची. यात बहुतेक साहेब फसतात. मीटिंगमध्ये ‘माझ्याबद्दल काय वाटतं, मोकळेपणाने सांगा’ असं म्हटलं की अकरा जण एका सुरात म्हणणार, ‘सगळं छान आहे, मॅडम.’ प्रश्न लहान आणि कामाचा ठेवा: ‘गेल्या आठवड्यात माझ्यामुळे तुझं काम कुठे अडलं?’ एका वेळी एकालाच विचारा. उत्तर मिळालं की खुलासा करू नका. ‘अगं, माझा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी पुढच्या वेळचं उत्तर बंद करतं. ऐका, लिहून घ्या, आठवड्याने परत येऊन सांगा की तू म्हणालीस त्यावर मी हे केलं. आणि ज्याचं तुमच्यावाचून काही अडत नाही असं एक माणूस गाठा. प्रॉडक्शनमधली बरोबरीची मैत्रीण असेल, निवृत्त झालेले जुने सहकारी असतील. तुमचा चेहरा बाहेरून कसा दिसतो हे ते न घाबरता सांगतील.

त्या मुलाशी या आठवड्यात बोला. केबिनमध्ये बोलावू नका, बोलावणं आलं की त्याचं पाणी पाणी होईल. त्याच्या बेंचपाशी जा. ‘तू मला तोंडावर सांगितलंस, त्याचा मला उपयोग झाला. पुढच्या वेळी त्याच दुपारी ये.’ याहून लांब भाषण नको. चुकीची नोंद आणि चौकशी रीतसर होऊ द्या, ती टाळलीत तर तुमचा न्याय कच्चा ठरेल. पण खरं बोलल्याची किंमत त्याच्या अप्रेझलमध्ये वसूल झालेली दिसली तर उरलेले दहा जण कायमचे गप्प होतील. ते सगळे याच गोष्टीकडे लक्ष ठेवून आहेत.

तुमच्यासारख्या आणखी काही वाचकांना हे वेगळ्या रूपात भेटत असेल. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत टीमला साहेबाचा चेहरा दिसतच नाही, दिसतो तो चॅटवरचा ‘ओके’ एवढाच शब्द, आणि त्यावर रात्रभर तर्क चालतात. तिथे एक पूर्ण वाक्य लिहिणं हाच उपाय. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांत मालक स्वतः शॉपफ्लोअरवर असतो, सगळ्यांशी हसून-खेळून बोलतो आणि म्हणून त्याला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. त्याने मोजायची गोष्ट वेगळी आहे: चर्चेत आपण पहिले बोलतो का? पहिलं मत मालकाचं आलं की बाकीची मतं तिथेच संपतात. बोलक्या माणसाने सगळ्यात शेवटी बोलायचा सराव करावा.

आता तुमचा प्रश्न, पद सोडू का? परत टेक्निकल कामाकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही. पद्धती विकसित करणं, अवघड चौकशा सोडवणं यात ज्यांना खरा आनंद मिळतो त्यांनी ते करावं, आणि कंपनीने त्या वाटेवरही बढती द्यावी असा आग्रह धरावा. पण तुमच्या पत्रात मला त्या कामाची ओढ कुठे दिसली नाही, दिसलं ते दुखावलेपण. नव्या मुलीला तुम्ही इंटिग्रेशन (तपासणीच्या आलेखातल्या शिखरांचं क्षेत्रफळ काढणं) कसं शिकवलंत ते तुम्ही ज्या आनंदाने लिहिलं आहे, ते वाचून तर मला उलटच वाटलं. एकेकाशी बसून शिकवणं तुम्हाला जमतं आणि आवडतं. सेक्शन हेडच्या कामाचा मोठा भाग तोच आहे. दुखावलेल्या मनाने इतका मोठा निर्णय महिनाअखेरची तारीख आली म्हणून घेऊ नका. मिस्टरांनाही हे सांगा. ते तुमची झोप बघून बोलताहेत, त्यांना रात्रीचे मसुदे बंद झालेले दिसले तर त्यांचं मतही कदाचित बदलेल.

एचआरला लेखी कळवा की पुढच्या अप्रेझलपर्यंत तुम्ही पदावर राहणार आहात. कोचिंगला नाव द्या, पण ‘प्रेझेन्स’ वाढवण्यासाठी देऊ नका. टीमकडून प्रतिक्रिया कशा घ्यायच्या आणि काम कसं सोपवायचं, या दोन विषयांसाठी मागा. चाचणीचा अहवाल तुमच्या अप्रेझलमध्ये धरला जाणार आहे का, हेही त्याच मेलमध्ये विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सहा महिन्यांनी तुमच्या टेबलापर्यंत चुका त्याच दिवशी येताहेत की दोन दिवसांनी, ते लॉगबुकच्या तारखांवरून बघा. त्या तारखा मलाही कळवा.